नादा

विहाराची किल्ली माझ्याकडे असते,
म्हणून ती आधी माझ्याच दारात आली.
नोएमी किस्पे. कोचाबांबा, बोलिव्हिया.
मी दोनदा विचारलं, तिनं दोनदा सांगितलं,
तरीही रजिस्टरमध्ये मी लिहिलं : नयमी, परदेश.

प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टरांमागची आमची खोली.
वर पत्रा, दोन पंखे, त्यातला एक बोलका,
बुद्धाशेजारी बाबासाहेब,
खाली वह्यावाटपाचं लोखंडी कपाट, ज्याचं दार लागत नाही.
तिनं चपला काढल्या त्या थेट गल्लीच्या तोंडाशी.
आईनं उचलून आत आणल्या,
गल्लीत कुत्री आहेत बाई.

मग ती शरण गेली, तिच्या भाषेत :
मे रेफूखियो एन एल बूदा.
त्यातला ख घशातून काढावा लागतो, खाकरल्यासारखा.
पोरं हसली.
तिसऱ्या वेळी हसायची थांबली.
पाली तरी आम्हाला कुठे शब्दाशब्दानं कळते?
पण शरण जाणारा सूर ओळखता येतो,
वाक्याच्या शेवटी तो जरासा खाली बसतो.

तिकडे त्यांचं विहार म्हणजे बेकरीवरची खोली.
दर मंगळवारी, संध्याकाळी सात वाजता.
माणसंही सातच. गुरू नाही.
झेरॉक्स काढलेलं एक पुस्तक, पानं गळतीला लागलेली.
भट्टी पेटली की जमीन तापते, आसनं तापतात,
आणि श्वासाकडे लक्ष द्यावं तर श्वासात पाव.
त्यातली एक जण रविवारी अजून चर्चला जाते,
मेरीपुढे मेणबत्ती लावते, आईसाठी.
हे ऐकून निकमांच्या कपाळावर
बावीसच्या बावीस आठ्या.

निकम आमचे खजिनदार. त्यांना हिशेब लागतो.
म्हणाले, नुसते डोळे मिटून बसता? मोर्चा कधी काढता?
आणि मग हळू, जवळजवळ घरच्या आवाजात :
तुमच्याकडे जात असते का?

क्षिप्रानं इंग्रजी केलं.
पंखा बोलत राहिला.
नोएमी म्हणाली, तिच्या आजीला
शहराच्या चौकात बाकावर बसता येत नसे.
झाडू मारता येई.
बसता येत नसे.
बाक म्हणताना तिचा हात हवेत सपाट थांबला होता.
क्षिप्रा मराठी करायला तोंड उघडते तोवर
माझ्या आईनं सतरंजीवर सरकून
तिला जागा केली होती.

दुसऱ्या दिवशी कमाटीबागेत नेलं, वडापाशी.
विश्वामित्रीच्या पुलावर तिला मगर दाखवली,
ती म्हणाली, लाकूड आहे.
लाकडानं डोळा उघडला.
वडाखाली काय सांगावं, माझं इंग्रजी फलाटावरच्या घोषणांइतकंच.
मी डोळ्याखाली बोट ठेवून खाली ओढलं :
इथे ते रडले होते.
तिनं फोटो काढला नाही.
बराच वेळ ती एक पारंबी हातात धरून उभी राहिली,
बसमध्ये दांडी धरतात तशी.

जाताना तिनं मूठभर मका दिला, जांभळा.
मी म्हटलं, साधुवाद.
ती म्हणाली, दे नादा.
क्षिप्रा म्हणाली, तिकडे आभार मानले की असंच म्हणतात,
नादा म्हणजे काहीच नाही. शून्य.
आई म्हणाली, हो का,
आपल्याकडे नादाला लागलं की
घरदार सुटतं.

मका आईनं तेलाच्या डब्यात लावला.
गुडघ्याएवढा झाला, एकच कणीस धरलं,
तेही पुढच्या दोन दातांवाचून.

बुधवारी पहाटे साडेचारला मी पाण्याची मोटर लावायला उठते.
तिकडे तेव्हा मंगळवार असतो, संध्याकाळचे सात,
क्षिप्रानं हिशेब करून दिलाय.
टाकी भरायला वीस मिनिटं लागतात.
पूर्वी मी त्या वेळात भांडी लावायची.
आता पायरीवर बसते.
डोळे मिटतेच असं नाही.
कधी शेजारच्यांकडे चहा उकळतो,
कधी खालून, फरशीतून, थोडी ऊब आल्यासारखी वाटते,
आणि मग टाकी वाहायला लागते.